गुडघ्याला काही झालं नव्हतं

सदू, तुझे दोन्ही गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. हे आधी लिहून टाकतो. नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. तुला माहीत आहे माझं.

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. तालमीचा वार्षिक अंक निघायचाय. आपला चिटणीस सुनील म्हणाला, काका, सदूकाकांवर तुम्हीच लिहा, तुमच्याएवढं त्यांना कोण ओळखतं? मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मंडईत कांदे-बटाटे विकण्यात जन्म गेला. लिहिलं काय, तर गोण्यांवर खडूने नावं. सून म्हणाली, बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, गरज नाही. मग म्हणाली, निदान शुद्धलेखन तरी बघते. त्यालाही नाही म्हटलं. तुझ्याशी बोलायला मधे माणूस कशाला? चुकलं तर चुकलं.

एका जागी बसवत नाही मात्र. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठलो. एकदा पाणी प्यालो, एकदा खिडकी लावली, एकदा तीच उघडली.

अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना फरीगदगा काय ते माहीत नसेल, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. डाव्या हातात लहान गोल ढाल, चामड्याची. ती फरी. उजव्या हातात चामडं मढवलेली काठी, तो गदगा. मारायचं आणि अडवायचं, एवढाच खेळ. पण समोर माणूस पाहिजे. पैलवान एकटा दंड-बैठका काढील, लाठीवाला एकटा लाठी फिरवील. फरीगदग्याला दुसरा लागतो. म्हणून मला तू आणि तुला मी. पहाटे साडेपाच, तालमीच्या मागचं फरसबंदी अंगण, त्रेचाळीस वर्षं.

आणि आपल्या तालमीत पंच नाही. कधीच नव्हता. फटका लागला की नाही, ते ज्याला लागला त्याने सांगायचं. 'पावला' म्हणायचं आणि मागे सरायचं. मारणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आपल्या वस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, मारायचे-अडवायचे हात नंतर शिकवले.

तू कधी एक फटका लपवला नाहीस. शर्टाची बाही नुसती हलली तरी म्हणायचास, पावला. मी एक लपवला. कोपराचा. अकरा वर्षं तू म्हणत होतास, नाम्या, त्या दिवशी कोपराला लागला होता. अकरा वर्षं मी म्हणत होतो, वारा लागला असेल. लागला होता, सद्या. निळं झालं होतं. हिने हळद लावून दिली आणि मी लांब बाह्यांचा शर्ट घालून फिरलो, ऐन मे महिन्यात.

तू माझ्यापेक्षा चांगला खेळायचास. कारखान्यात फिटर होतास, मनगट आधीच तयार होतं, शिवाय डोकं शांत. मी नुसता अंगावर जायचो. हे तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं, तरी तालमीत लोकांनी मला वस्ताद म्हटलं, कारण मी मोठ्याने बोलायचो. तू कधी हसला नाहीस त्यावर. एकदाच म्हणालास, "बरं झालं तुला केलं. मला पोरांवर ओरडता येत नाही."

आता तो दिवस. तू कोथरूडला मुलाकडे राहायला गेल्यालाही बरीच वर्षं झाली होती. पहिल्या बसने यायचास. त्या सकाळी आपण उभे राहिलो, पवित्रा घेतला. मी कानशिलावर हात उचलला. गदगा अजून हवेत. आणि तू म्हणालास, "पावला."

मला वाटलं चुकून. दुसरा उचलला, कमरेवर. परत, "पावला."

"सद्या, काठी अजून माझ्या हातात आहे!"

"येणारच होती."

"आणि अडवायची कोणी? तुझ्या मुलाने?"

तू फरी बाजूला ठेवलीस आणि फरशीवर बसलास, दम लागलेला नसताना.

"नाम्या, मला नकोसं झालंय."

"काय?"

"हे."

"काय झालं? घरी काही? सूनबाई काही बोलली?"

"कोणी काही बोललं नाही. पहाटे उठतो, बसमध्ये बसतो, आणि डेक्कन आलं की वाटतं, ही बस इथेच बंद पडावी."

"दोन दिवस येऊ नकोस. होईल ठीक."

"दोन दिवसांचं नाही रे. पूर्वी अंथरुणाला पाठ टेकली की उद्याचे हात डोक्यात चालू व्हायचे. हा असा आला तर मी असा जाईन. आता काही येतच नाही डोक्यात. आणि त्याचं वाईटही वाटत नाही, ही गंमत बघ."

मी काय बोलायला हवं होतं ते पुढे लिहितो. बोललो काय, तर, "म्हातारपणी भागूबाई झालास." तू माझ्याकडे बघितलंस. फरी पुसलीस, खुंटीला लावलीस. दारातून वळून म्हणालास, "पावला." आणि गेलास.

दुसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं, सदूकाका कुठे? मी म्हटलं, गुडघा गेला त्याचा.

तोंडातून निघून गेलं. पण सावरून घेतलं नाही. गुडघा गेलेल्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. उलट मान देतात. त्रेचाळीस वर्षं घालवून ज्याला नुसतं 'नकोसं' झालं, त्याचं काय करायचं ते तालमीत कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मला वाटलं, मी तुझी अब्रू राखली.

चार दिवसांनी तुझा फोन.

"नाम्या, माझ्या कुठल्या गुडघ्याला काय झालंय, तेवढं सांग. घरी दोन जण तेल घेऊन बसलेत."

"कुठलाही सांग."

"अरे, पण तू काय सांगितलंयस?"

"मी नुसतं गुडघा म्हटलंय."

"धन्य आहेस," म्हणालास आणि फोन ठेवलास.

मग काय विचारता. कोणी निरगुडीचा पाला पाठवला, कोणी पट्टा आणून दिला, कोणी येरवड्याच्या एका हाडवैद्याचा पत्ता दिला आणि गेलास का, गेलास का म्हणून पाठपुरावाही केला. आपल्या पेठेत एकदा माणसाला दुखणं लागलं की ते त्याच्या एकट्याचं राहत नाही. आणि तू लंगडायला लागलास.

लंगडण्यातही तुझं लक्ष नसायचं. मंडईत माझ्या गाळ्यासमोरच्या भाजीवाल्या आक्काने तुला पकडलं होतं. "काका, मागल्या गुरुवारी डावा होता ना हो?" तू जागच्या जागी म्हणालास, "गुरुवारी डावा, आज उजवा. दोघांनाही सुट्टी द्यावी लागते." ती हसली. मी गाळ्यात मान खाली घालून बटाटे निवडत होतो.

ते एक वेळ चाललं असतं. पण हनुमान जयंतीला मी जे बघितलं ते सांगतो. तुला माहीत नाही की मी बघितलं. मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत होतो. तुझी बस आली. ती पुरती थांबायच्या आधी तू उतरलास, विशीतल्या पोरासारखा. ताठ चालत आलास. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याला दोन शब्द सुनावलेस. आणि जिथून तालमीची पायरी दिसायला लागते, तिथे थांबलास. धोतर सारखं केलंस. मग डावा पाय ओढत निघालास.

चहा तसाच ठेवून उठलो मी. तुझ्या मागून आलो. हाक मारायची होती. नाही मारली. आत लोक तुला खुर्ची देत होते, "सदूकाका, बसा बसा, उभे राहू नका." माझ्या एका शब्दासाठी तू खुर्चीत बसून राहिलास. सगळे उभे असताना.

बाहेर पडल्यावर पायरीवर तू म्हणालास, "किती दिवस लंगडू रे?"

"मग खरं सांगून टाक."

"मी सांगितलं तर तू खोटा पडतोस. तू वस्ताद. तू सांग."

"मी नाही सांगणार."

"बरं. मग मी लंगडतो."

रागावला असतास तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. तू नुसतं सांगितलंस, बस किती वाजता आहे ते सांगावं तसं, आणि पाय ओढत कोपऱ्यापर्यंत गेलास. दोन वर्षं आपण मग बाकी सगळं बोललो. मेट्रोचं खोदकाम, माझा मोतीबिंदू, तुझ्या नातीचं लग्न. हे नाही बोललो.

दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा मी आणि वहिनी बाजूला उभे होतो. डॉक्टर पोरगी लिहून घेत होती. जुनं काही दुखणं? माझ्या तोंडातून आलं, "गुडघा." सवयीने. तिने पांघरूण वर केलं, दोन्ही गुडघे दाबून, वाकवून बघितले. म्हणाली, "आजोबा, यांचे गुडघे माझ्या बाबांपेक्षा चांगले आहेत." तू नाकावरच्या त्या नळीसकट इतका हसलास की खोकल्याची उबळ आली आणि मला बाहेर काढलं. मी निघताना म्हणालास, "डॉक्टरला कळलं. तालमीला कधी?" त्यानंतर आपण बोललो नाही. मी दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा तू शुद्धीत नव्हतास.

तेराव्यानंतर शोकसभा झाली. सुनील बोलायला उभा राहिला. चांगला बोलतो तो, बँकेत आहे. म्हणाला, "गुडघ्याने दगा दिला नसता, तर सदूकाका अखेरच्या दिवसापर्यंत अंगणात उतरले असते." माना हलल्या. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. वाट बघत होत्या. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, तुझ्या मनगटावर बोललो, तुझ्या शिस्तीवर बोललो, आणि खाली बसलो. भागूबाई कोण ते मला तिथे समजलं.

आता ते पुढे लिहितो म्हटलं होतं, ते.

तू फरशीवर बसून "नकोसं झालंय" म्हणालास ना, तेव्हा माझ्या तोंडाशी "मला पण" आलं होतं. अगदी जिभेवर. माझं तुझ्या आधी गेलं होतं, सदू. वर्षभर आधी असेल, जास्तही असेल. गजर झाला की आधी खिडकीतून बघायचो, पाऊस असला तर बरं वाटायचं. तुझी बस चुकली की बरं वाटायचं. हात उचलायचो तेव्हा गाळ्यावर आज कोण बसणार याचा विचार चालू असायचा, आणि तरी तुला दोन-चार लागायचे. तेव्हाच कळायला हवं होतं की तूही तिथे नाहीस. दोन म्हातारे, दोघांनाही नको असलेला खेळ, एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून खेळत होते. तू आधी खरं बोललास. तुझा खरेपणा मला सोसला नाही. मी लोकांना तुझा गुडघा सांगितला तो माझ्यासाठी. तुला गुडघ्याने सोडायला लावलं असेल, तर मी न सोडणारा ठरतो.

तू तालीम सोडल्यावरसुद्धा दोन वर्षं मी जातच राहिलो. लोक म्हणायचे, चिकाटी बघा नामदेवरावांची. कसली चिकाटी. सोडलं तर लोक काय म्हणतील, हा धाक.

तू वारल्यापासून मी तालमीत गेलेलो नाही. आणि गंमत बघ, मला कोणी काही विचारत नाही. जो भेटतो तो खांद्यावर हात ठेवतो. "समजू शकतो, काका." मला घरबसल्या माझा गुडघा मिळाला. तू गेलास हे माझं कारण. आयुष्यभर पुरेल.

परवा सुनील घरी आला. तालमीत तुझा फोटो लावायचाय, खाली पाटी. मजकूर दाखवायला आणला होता. मी चष्मा लावून वाचला. तिसऱ्या ओळीत गुडघा.

"हे काढ."

"काय काढू, काका?"

"गुडघा काढ. त्याच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं."

सुनील पेन हातात धरून बसून राहिला. "मग त्यांनी सोडलं कशाने?"

"त्याला नकोसं झालं."

"काका, असं पाटीवर लिहितात का?"

"पुण्यात पाटीवर काय काय लिहितात ते मला सांगू नकोस. दुपारी बेल वाजवू नये, गाडी लावल्यास हवा सोडू, सगळं लिहितात. एक खरं लिहिलं तर काय पाटी फुटेल?"

"अहो, पण दोन वर्षं ते लंगडत होते. मी स्वतः खुर्ची दिलीय त्यांना."

"माझ्यासाठी लंगडत होता. मी खोटा पडू नये म्हणून."

सून चहा ठेवून गेली. मग मी उरलेलंही सांगून टाकलं. म्हटलं, आणि मीही येणार नाही आता. दुःखाने नाही. लोकांना दुःख सांगू नकोस. माझं त्याच्याही आधी संपलं होतं.

"मग इतकी वर्षं का येत होतात?"

"तू काय म्हणशील, तुझा बाप काय म्हणाला असता, म्हणून."

सुनीलने कपातला चहा हलवला. साखर विरघळलेली होती, तरी हलवत राहिला. मग म्हणाला, "काका, मी तर तुम्ही काय म्हणाल म्हणून येतोय. सहा-सात वर्षं झाली."

पुढे काय झालं असेल तुला सांगायला नको. दोघंही हसलो. सून आतून बघायला आली, शोक करणाऱ्या घरात काय चाललंय म्हणून. तू पाहिजे होतास, सदू. तिघांनी आपापला खोटा गुडघा काढून टेबलावर ठेवला असता.

हसून झाल्यावर त्याला काळजी वाटली. चिटणीस आहे शेवटी. "मग तालमीचं काय? सकाळच्या वर्गाला सात जण येतात."

"त्यांना हवंय का?"

"त्या दोघी आहेत ना, कोथरूडहून स्कूटरवर येतात, ऑफिसच्या आधी. त्या एक दिवस चुकवत नाहीत."

"मग त्यांना एकमेकींसमोर उभं कर. तुला नको असेल तर तू उभा राहू नकोस. मी येईन कधीमधी, कट्ट्यावर बसेन, हात चुकला तर सांगेन. पण मनात असेल त्या दिवशी. कोणी गृहीत धरायचं नाही."

पाटीवर शेवटी त्याने काय लिहायचं ते त्याच्यावर सोडलं. गुडघा नाही, एवढं कबूल करून घेतलं. इथे मात्र मी पूर्ण लिहितोय, आणि अंकात यातला एक शब्द गाळायचा नाही असं त्याला बजावलंय. अंक तालमीच्या प्रत्येक घरात जातो. ज्यांनी तेल पाठवलं, पाला पाठवला, त्या सगळ्यांनी वाचावं. सदाशिवला काही झालं नव्हतं. खेळ त्याला पुरे झाला, त्याने तो सोडला. घाबरट मी होतो.

काल कोथरूडला वहिनींकडे गेलो. सुनीलला सांगितलं ते त्यांनाही सांगितलं. त्यांना माहीत होतंच, पहिल्या दिवसापासून. म्हणाल्या, "उशीर केलात, भाऊजी."

"हो."

"रागावले नव्हते ते तुमच्यावर. लंगडायचा कंटाळा मात्र यायचा. घरी आले की म्हणायचे, नाम्याचा पाय काढून ठेवतो."

गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली गाड्यांची गर्दी, क्लासला निघालेली पोरं. परत आत आलो. मला एक विचारायचं होतं, आणि ते दोन वर्षांत तुला विचारायचं सुचलंच नाही याची लाज वाटत होती. मी पहाटे तिकडे जातच होतो, त्यामुळे प्रश्न पडला नव्हता. आता चोवीस दिवस मी साडेचारला उठतो आणि घरात येरझाऱ्या घालतो. कपाट उघडतो, बंद करतो. पेपरवाल्याची वाट बघत जिन्यात उभा राहतो. हातांना काय सांगायचं ते कळत नाही.

"वहिनी, तालीम सोडल्यावर तो पहाटे काय करायचा?"

"हे?" त्या जरा विचारात पडल्या, जणू मी काही अवघडच विचारलं. "झोपायचे."

"झोपायचा?"

"आठपर्यंत. गाढ. मी चहा घेऊन हलवायची, तर म्हणायचे, अजून पाच मिनिटं. लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं मी त्यांना असं झोपलेलं."

आज साडेचारला डोळे उघडले. उठलो नाही. पांघरूण डोक्यावरून घेतलं. डाव्या कुशीवर झालो, उजव्या कुशीवर झालो. दूधवाला आला, गेला. सून दारातून डोकावली. "बाबा, बरं नाही का?" म्हटलं, बरा आहे, झोपतोय, आवाज करू नकोस. सव्वासहाला उठून बसलो, पुढे नाही जमलं.

उद्या परत बघतो.